पापण्यांच्या कडांची सूज आणि कोरडे डोळे: थेंब घालूनही आराम का पडत नाही?

प्रश्न — शिंदेछावणी

नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. वय ४६, काम हिशेबाचे, त्यामुळे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत नजर संगणकाच्या पडद्यावर असते. गेली काही वर्षे डोळ्यांचा एक त्रास मागे लागला आहे आणि तो जात तर नाहीच, उलट दर उन्हाळ्यात वाढतो. सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या असतात. त्यांच्या कडा लाल आणि किंचित सुजलेल्या दिसतात, आणि केसांच्या मुळाशी पांढरट कोंडा जमतो. दुपारनंतर डोळे चुरचुरू लागतात, अक्षरे मधूनच अस्पष्ट होतात आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. वर्षातून एक-दोनदा रांजणवाडीही होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की डोळे कोरडे आहेत. मला हेच उमगत नाही, कारण महाराज बाड्याकडे जायला बाहेर पडले आणि जरा वारा लागला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहते. मग ते कोरडे कसे? दिलेले थेंब दिवसातून चार वेळा घालते, पण अर्ध्या तासात पुन्हा तेच. कोमट शेक घ्या असेही सांगितले होते, पण कसा आणि किती वेळ, हे विचारायचे गर्दीत राहून गेले. सासूबाई मध घालायला सांगतात. मावसबहीण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक थेंब आणते, त्याने तिच्या डोळ्यांची लाली पाच मिनिटांत जाते, आणि तोच मीही घ्यावा असा तिचा आग्रह आहे. ज्यांनी हा त्रास अनुभवला आहे किंवा ज्यांना त्यातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रत्युत्तर — निवृत्त नेत्रतपासनीस

ताई, मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात तपासनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात डोळ्यापेक्षा पापणीच्या कडेबद्दल अधिक आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या त्या अत्यंत पातळ थरात आतल्या बाजूला चिकट श्लेष्मा असतो, मध्ये पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा पापुद्रा असतो, जो खालचे पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांतच तयार होते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांची बारीक तोंडे केसांच्या रांगेच्या किंचित आत, कडेवर उघडतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणीच्या कडेला दीर्घकाळ दाह राहिला की या ग्रंथींतले तेल घट्ट होते. आपल्याकडे जानेवारीत डब्यातले तूप थिजून चमच्याला दाद देत नाही, तसे ते आतच अडकून बसते. तोंडे बुजतात, वरचा पापुद्रा विरळ होतो आणि पाणी भराभर उडून जाते. डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडला की तिथल्या मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि मुख्य अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. त्या पाण्यात तेल पुरेसे नसल्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. वाऱ्यात डोळे वाहणे आणि डोळे कोरडे असणे यांत विरोध नाही तो असा. तुमचे थेंब अर्ध्या तासात निष्प्रभ होतात त्याचेही एक मोठे कारण हेच असावे, कारण थेंबाने पाणी भरून निघते, पण ते धरून ठेवणारे तेल पापणीतच अडकलेले राहते.

म्हणून शेक हा या उपचाराचा पाया आहे, आणि नेमका तोच अर्धवट केला जातो. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी रुग्णांनी "शेक घेतो" असे सांगितले, आणि विचारपूस केल्यावर कळले की ते ओला रुमाल एकदा डोळ्यांवर ठेवून पंख्याखाली बसतात. असा रुमाल एक-दोन मिनिटांत निवतो आणि त्यानंतर त्याचा काहीही उपयोग नसतो. तेल वितळण्यासाठी पापणीवर सुमारे ४० ते ४५ अंश उष्णता टिकून राहावी लागते, आणि तीही सलग पाच ते दहा मिनिटे. त्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी जवळ घेऊन बसावे आणि दोन स्वच्छ सुती घड्या आळीपाळीने वापराव्यात. एक घडी डोळ्यांवर असताना दुसरी पाण्यात बुडवून पिळून ठेवावी, आणि डोळ्यांवर ठेवण्यापूर्वी प्रत्येक घडी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. तिथे चटका बसला तर ती पापणीसाठीही गरमच आहे, कारण पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. बाजारात गरम करून वापरण्याचे डोळ्यांचे पट्टेही मिळतात आणि ते उष्णता अधिक वेळ धरतात.

शेक संपल्याबरोबर, पापणी ऊबदार असतानाच, कडेला हलका दाब द्यायचा असतो. हात साबणाने धुऊन बोटाच्या टोकाने वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने, हलकेच फिरवत यावे. दाब पापणीवर द्यायचा, डोळ्याच्या गोळ्यावर नव्हे. डोळे चोळणे तर पूर्णपणे टाळावे, कारण सतत चोळल्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. तपासणीच्या यंत्राखाली पापणी दाबली की निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल बाहेर येते. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ, घट्ट, पिवळसर द्रव येतो, किंवा काहीच येत नाही. अशा अवस्थेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर ग्रंथी आक्रसतात, आणि आक्रसलेली ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही. म्हणूनच मी एवढ्या तळमळीने लिहीत आहे. तुमच्या रांजणवाड्यांचे मूळही बहुधा याच तुंबलेल्या कडेत असावे.

त्यानंतर केसांची मुळे स्वच्छ करावीत. यासाठी पापण्या पुसण्याचे तयार ओले रुमाल मिळतात. पूर्वी आम्ही लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून वापरायला सांगत असू. तो अजूनही चालतो, पण काहींना त्याने कोरडेपणा वाढल्यासारखा वाटतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा आणि सूज उतरल्यावर एकदा, असा हा क्रम नेहमीसाठी ठेवावा लागतो. आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात मात्र नक्की राहतो.

थेंबांविषयी दोन गोष्टी. बाटलीतल्या बऱ्याच थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचे परिरक्षक, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेले रसायन, असते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील तर तेच परिरक्षक डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करू लागते, म्हणून परिरक्षकविरहित थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. दुसरी गोष्ट मावसबहिणीच्या थेंबाची. पाच मिनिटांत लाली घालवणारे थेंब दोन प्रकारचे असू शकतात. एक प्रकार रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि त्याचा अंमल उतरला की लाली पूर्वीपेक्षा अधिक उसळते. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड असते. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरही वापरतात, पण थोड्या दिवसांसाठी आणि डोळ्याचा दाब मोजत. देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मावसबहिणीला बाटलीवरचे औषधाचे नाव वाचायला सांगा आणि ती बाटली घेऊन तिला डॉक्टरांकडे पाठवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सासूबाईंना मात्र दुखवू नका. त्या मायेने सांगतात, पण घरातला मध निर्जंतुक नसतो. गुलाबपाणी आणि एरंडेल यांनाही हेच लागू आहे. कडेच्या आतून काजळ घालत असाल तर तेही सध्या बंद ठेवावे, कारण ते ग्रंथींच्या तोंडांवरच बसते.

प्रत्युत्तर — मुरारवासी

निवृत्त काकांनी पापणीचे सर्व काही सांगितले आहे, म्हणून मी फक्त हवेबद्दल लिहितो. मलाही हाच आजार आहे आणि मी रोज मुरारहून लष्करला दुचाकीने येतो-जातो.

आपल्या ग्वाल्हेरची हवा या आजाराला फार प्रतिकूल आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, लू वाहते, हवेत ओलावा जवळजवळ नसतो आणि धूळ भरपूर असते. पाऊस सुरू झाला की माझा त्रास न सांगता निम्मा होतो, एवढ्यावरून हवेचा वाटा किती आहे ते समजावे. उन्हाळ्यात एसी आणि कूलर यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, तर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तो वाढवतो; म्हणून कोरड्या डोळ्यांना आपला जुना कूलर अधिक मानवतो. अट एकच, त्याचा झोत तोंडावर येता कामा नये. ओला असला तरी तो वाराच आहे आणि वाऱ्याने अश्रू उडतातच. कूलर खोलीच्या अशा कोपऱ्यात ठेवावा की हवा भिंतीला लागून फिरेल, आणि त्याचे पाणी नियमित बदलावे, कारण साचलेल्या पाण्यात डासही होतात आणि बुरशीही. कार्यालयात एसी टाळता येत नसेल तर निदान त्याच्या पट्ट्या वर वळवून घ्याव्यात. रात्री डोक्यावरच्या पंख्याचेही भान ठेवावे. काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत आणि त्यांना सकाळीच सर्वाधिक त्रास असतो. अशांना डॉक्टर झोपताना घालायचे मलम देतात. थंडीतल्या हीटरचेही तेच. धुके पडले की आपल्याला हवा ओली वाटते, पण बंद खोलीत हीटर पेटला की तिथली हवा कोरडी होते.

दुचाकीवर साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी वारा येतो. कानशिलापर्यंत वळणारा चष्मा आणि त्यावर काच खाली केलेले शिरस्त्राण, असे दोन्ही घेतल्यापासून मला रस्त्यात थांबून डोळे पुसावे लागत नाहीत.

ताई, तुमच्या संगणकाबद्दलही लिहायला हवे. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येते, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा पापणी अर्धीच मिटते. पापणी पूर्ण मिटली तरच कडेवरचे तेल दाबले जाऊन पसरते. म्हणून दर २० मिनिटांनी नजर दूर न्यावी आणि त्या वेळी डोळे सावकाश, पूर्ण, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेपर्यंत, काही वेळा मिटावेत. पडदा डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली ठेवला की पापण्या आपोआप खाली राहतात आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. हिशेबाच्या घाईच्या दिवसांत, मार्चअखेरीस वगैरे, हे सारे विसरले जाते. म्हणून मी पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण त्यावर लोकांचा पैसा फार जातो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल या आजारात सर्रास सुचवल्या जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ड्रीम नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ५३५ रुग्णांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल देण्यात आले, आणि दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. आहार चांगला असावा यात वाद नाही, पण महागड्या कॅप्सूलवर भिस्त ठेवून शेक सोडू नये.

प्रत्युत्तर — दौलतगंज

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण ताईंच्या वयाकडे पाहून एक गोष्ट जोडते.

ताई, तुमचे तोंडही कोरडे पडते का? कोरडी पोळी किंवा चणे खाताना प्रत्येक घासाला पाणी लागते का? सांधे दुखतात का, सकाळी बोटे आखडतात का, कानांखालच्या लाळग्रंथी सुजतात का? यांपैकी काही असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न कोणी विचारीलच असे नाही. शोग्रेन नावाचा एक आजार आहे, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते. हेनरिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो, आणि बहुधा मध्यम वयात. त्यात तेलाबरोबर मूळ पाणीच कमी पडते, म्हणून केवळ शेकाने भागत नाही. माझे निदान उशिरा झाले. तोवर डोळ्यांसाठी एका दवाखान्यात, दातांसाठी दुसऱ्या आणि गुडघ्यांसाठी तिसऱ्या अशा माझ्या वेगवेगळ्या फायली तयार होत होत्या, आणि तिन्ही एकत्र कोणी वाचल्या नाहीत.

पाण्याचे प्रमाण पाहण्याची तपासणी सोपी आहे. खालच्या पापणीच्या आत कागदाची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती ओली होते ते मोजतात. १० मिलिमीटरहून अधिक भिजली तर सामान्यतः ठीक, ५ हून कमी भिजली तर पाणी निश्चितच कमी. याला शर्मरची चाचणी म्हणतात. दुसऱ्या चाचणीत नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत तुटला तर तो टिकाऊ नाही. या दोन्हींचे आकडे चिठ्ठीवर लिहून मागावेत, म्हणजे पुढच्या भेटीत तुलना करता येते. ओलावा कमी आणि सांध्यांचीही तक्रार असेल तर रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात, आणि पुढचे उपचार संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने होतात. तुम्ही ॲलर्जीच्या, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेत असाल तर त्यांचीही यादी न्या. त्यांतल्या काहींनी डोळे कोरडे पडतात. मधुमेह आणि थायरॉइड यांच्याकडेही लक्ष असावे.

खासगी तपासणीचा खर्च परवडत नसेल तर गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयात नेत्रविभाग आहे. सकाळी लवकर जावे, एवढेच.

शिंदेछावणी (मूळ प्रश्नकर्ती)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात नवीन डॉक्टरांना भेटून आले. शर्मरची पट्टी पुरेशी भिजली, पण थर चार सेकंदांतच तुटला. तोंड कोरडे नाही, सांध्यांचीही तक्रार नाही. डॉक्टरांनी पापणीच्या केसांच्या बुडाशी नळीच्या आकाराची वेष्टणे दाखवली आणि त्यामागे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव असल्याचे सांगितले. परिरक्षकविरहित थेंब, कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले आहेत. सायक्लोस्पोरिन घातल्यावर डोळे झोंबतात आणि अजून फरक जाणवत नाही. ते बंद करावे का? टी ट्री तेलाचाही सल्ला एका परिचितांनी दिला आहे. शिवाय सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे आणि त्यांच्याही पापण्यांच्या कडा माझ्यासारख्याच लाल असतात, त्याचे काय करावे?

प्रत्युत्तर — निवृत्त नेत्रतपासनीस

ताई, तपासणी नीट झाली याचा आनंद वाटला. पट्टी पुरेशी भिजणे आणि थर चार सेकंदांत तुटणे, या दोन आकड्यांतून पाणी आहे पण ते टिकत नाही हेच दिसते.

सायक्लोस्पोरिन मनानेच बंद करू नका. ते वरवर आराम देणारे औषध नाही. पृष्ठभागाखालचा दाह हळूहळू उतरवते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागू शकतात. झोंबणे सुरुवातीला बऱ्याच जणांना जाणवते. फारच झोंबले तर डॉक्टरांना कळवा. ते कधी कधी पहिल्या काही आठवड्यांसाठी सौम्य स्टेरॉइड जोडून देतात, आणि तो त्याचा रास्त उपयोग आहे. डॉक्सिसायक्लिन येथे मुख्यतः दाह कमी करण्यासाठी आणि तेल सुधारण्यासाठी दिलेले असते. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेतल्याबरोबर आडवे होऊ नये, आणि तिच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून आपल्या उन्हात डोके आणि हात झाकून बाहेर पडावे. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना ती देत नाहीत, तेव्हा उरलेल्या गोळ्या घरात कोणाला देऊ नका.

डेमोडेक्सचे नाव ऐकून घाबरू नका. हे जीव वाढत्या वयात बहुतेकांच्या त्वचेवर असतात, त्यांची संख्या वाढली की त्रास होतो. त्यांच्यावर टी ट्री तेलातला घटक परिणामकारक आहे हे खरे, पण बाटलीतले शुद्ध तेल पापणीला लावल्यास त्वचा आणि बुबुळ दोन्ही भाजतात. पापण्यांसाठीच योग्य प्रमाणात तयार केलेले रुमाल किंवा फेस मिळतात, तेही डॉक्टरांना विचारूनच वापरा. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

सासूबाईंबाबत शस्त्रक्रियेआधीच बोला, ती लांबणीवर पडली तरी चालेल. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा क्रमांक बुबुळाच्या वक्रतेच्या मापावरून काढतात, आणि पृष्ठभाग कोरडा असेल तर ते माप चुकू शकते. पापणीच्या कडेला दाह असताना तिथले जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात जाण्याचा धोकाही वाढतो. आधी काही आठवडे शेक, कडांची स्वच्छता आणि डॉक्टर देतील ते औषध, मग पुन्हा माप, आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम तुमच्या शल्यचिकित्सकांना सुचवून पाहा. बहुतेक ते स्वतःच तसे सांगतील. शेकाचे पाणी त्यांच्यासाठी तुम्ही तपासून द्या, कारण उतारवयात चटका लवकर जाणवत नाही.